भिंतीवरून धावलेली गोटी

जरा डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता उजवा हात पुढे करा आणि समजा, तुमच्यासमोर एक भिंत आहे. गुळगुळीत नाही हं. वरपासून खालपर्यंत उभ्या रेघाच रेघा, जणू नांगरलेलं शेत कुणीतरी उचलून उभं करून ठेवलंय. त्यावरून बोट आडवं फिरवा. बोट वर चढेल, खाली उतरेल, पुन्हा वर चढेल. शेतातल्या अशा उंचवट्याला वरंबा म्हणतात आणि दोन वरंब्यांमधल्या खोलगट पट्टीला सरी. वरंबा, सरी, वरंबा, सरी... बोटाला गुदगुल्या झाल्या ना? उघडा आता डोळे. कारण याच भिंतीवर एका मुलीला भलंमोठं काहीतरी टांगायचं होतं, आणि तेही एकसुद्धा खिळा न ठोकता, शनिवारी सकाळी दहाच्या आत!

त्या मुलीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. वय वर्षं दहा. ती पाच मिनिटं एका जागी बसली तर आई तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

भिंगरीचे बाबा रंगारी. साधा रंग काय, कुणीही देईल. पण बाबांचा हात फणीवर बसलेला होता. भिंतीवर घट्ट, जाड रंग थापायचा आणि तो ओला आहे तोवर रुंद दातांची रबरी फणी वरून खाली एका दमात ओढायची. "मध्ये शिंक आली की भिंत गेली," असं ते म्हणत. हाडांच्या दवाखान्यातली पेशंट बसायची खोली त्यांनी महिन्यापूर्वीच अशी रंगवली होती, निळसर हिरवी. येता-जाता लोक तिच्यावरून हात फिरवत, आणि बाबांना ते कळलं की त्यांची छाती वीतभर फुगायची.

आई पार्सलच्या गोदामात काम करायची. दिवसाला दोनशे-तीनशे खोकी तिच्या हाताखालून जात. टेप ओढली, खोक्यावर बसवली, तोडली, चर्र-फट! डोळ्याचं पातं लवेपर्यंत खोकं बंद.

आणि धाकटा टिल्लू, वय वर्षं पाच. आपल्याला उडता येतं की नाही हे पाहायला तो कपाटावर चढला होता. येत नाही, हे त्याला लगेच कळलं. तेव्हापासून सहा आठवडे त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता.

आता हाड जुळलं होतं. प्लॅस्टर काढायचं तेवढं राहिलं होतं, आणि घोडं अडलं होतं तिथेच. पहिल्यांदा नेलं तेव्हा आतल्या खोलीतून यंत्राचा घुर्रर्र आवाज आला आणि टिल्लूनं असा टाहो फोडला की बाहेर बसलेली तीन मुलंही रडायला लागली. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा त्यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली ती सोडलीच नाही. डॉक्टरबाईंनी यंत्र स्वतःच्या तळहातावर चालवून दाखवलं. "हे बघ, कातडीला काही करत नाही हे. नुसतं थरथरतं." पण टिल्लूनं डोळेच उघडले नाहीत, तर बघणार काय?

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाय झाडणाऱ्या मुलाला मी यंत्र लावत नाही. पुढच्या शनिवारी दहाला आणा. पण तो शेवटचा बरं का! सोमवारपासून तीन आठवडे मी इथे नाही. तोवर पाय असाच अडकून राहिला तर गुडघा ताठेल, आणि मग चालताना त्याला खरंच दुखेल."

दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यावं, तर या ओळखीच्या बाईंकडे ही तऱ्हा, अनोळखी ठिकाणी तर विचारायलाच नको.

त्या संध्याकाळी भिंगरी टिल्लूच्या पलंगावर जाऊन बसली. टिल्लू तोंड फुगवून गोट्या मोजत होता.

"टिल्लू, त्या खोलीच्या भिंतीवर मी तुझ्यासाठी गोटीची घसरगुंडी केली तर?"

"केवढी?"

"भिंतभर! अगदी वर, बाबांच्या डोक्याच्याही वर गोटी सोडायची. मग ती पळत पळत इकडे, मग वळून तिकडे, पुन्हा इकडे, आणि शेवटी आतल्या दाराजवळ घंटी. टण्ण!"

टिल्लूचे डोळे चमकले. "गोटी कोण सोडणार?"

"तू."

"आणि टण्ण झालं की?"

"टण्ण झालं की तू आत जायचं. न रडता."

टिल्लू विचारात पडला. तो पाच वर्षांचा असला तरी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "मध्ये कुणी हात लावायचा नाही. तूपण नाही, बाबापण नाहीत. आणि गोटी खाली पडली तर मी सरळ घरी."

"कबूल."

"शप्पथ?"

"शप्पथ!" भिंगरी म्हणाली, आणि उठून दोन गिरक्या घेऊन आली. आनंद झाला की तिला त्या घ्याव्याच लागत.

डॉक्टरबाई ऐकून हसल्या. पण अटी घातल्याच. "खिळा नको, ड्रिल नको, भिंतीचा टवका उडायला नको. दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो, त्या वेळात काय ते करा." भिंतीला खिळा ही कल्पनाच बाबांना सहन होणारी नव्हती. "अहो, मीच ठोकू देणार नाही!" ते म्हणाले.

सामान जमायला वेळ लागला नाही. कापडाचे तागे ज्यावर गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या लांब नळ्या आईनं गोदामातून आणल्या. टाकूनच देणार होते त्या. बाबांनी त्या करवतीनं उभ्या चिरल्या. झाल्या पन्हळी! पावसाचं पाणी जसं पन्हळीतून धावतं तशी यातून गोटी धावणार. मोजून बारा पन्हळी भरल्या.

राहता राहिली टेप. बाबा म्हणाले, "रंगाऱ्याच्या घरात टेपला काय तोटा?"

बुधवारी दुपारी शेजारच्या काकूंना टिल्लूजवळ बसवून दोघं कामाला लागली. बाबा शिडीवर, भिंगरी खाली. दारं-खिडक्या रंगवताना कडेला लावतात ती फिकट पिवळी मास्किंग टेप बाबांनी सढळ हातानं लावली. बारा पन्हळी नागमोडी वाटेनं खाली उतरत गेल्या. भिंगरी दोन पावलं मागे सरकून बघते, तो काय! भिंतीवर साक्षात डोंगरातला घाट उभा!

"गोटी सोडू, बाबा?"

"सोड."

तिनं शिडीवर चढून गोटी सोडली. पहिली पन्हळ, घर्रर्र. दुसरी, घर्रर्र. तिसरीवर गोटी आली आणि तिसरी पन्हळ नमस्कार केल्यासारखी वाकून खाली आली. तिच्यामागून चौथी. मग हाक मारल्यासारख्या एकेक करून सगळ्याच. धप, धप, धप! शेवटची पन्हळ बाबांच्या डोक्यावर पडली.

घरी आईनं ऐकलं आणि पदर तोंडाशी नेऊन ती हसत सुटली. "अहो, रंग वाळला की सुळकन निघावी म्हणून जी टेप तुम्ही आणता, तीच टिकावी म्हणून लावलीत?"

बाबा डोकं चोळत राहिले. खरंच होतं ते. वीस वर्षं रोज हातात असलेली वस्तू कशासाठी केलेली आहे, हेच ते विसरले होते.

"उद्या माझी टेप लावा," आई म्हणाली. "माझी खोकी जहाजात बसून समुद्र ओलांडतात. आजवर एक उघडलं नाही!"

गुरुवारी आईनं अर्धी सुटी काढली. तळहाताएवढी रुंद, चकचकीत खाकी टेप. चर्र-फट, चर्र-फट! पाऊण तासात बारा पन्हळी वर. आईनं एकीला धरून ओढून पाहिलं. घट्ट. भिंगरीनं टाळ्या पिटल्या. गोटी सोडली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी... आई आणि भिंगरी दोघी ओरडायला लागल्या, "चल, चल, चल!" सहावी, सातवी, आठवी! आणि आठव्या पन्हळीची एक बाजू सुटली. हळूच, अगदी लाजत लाजत. गोटी जमिनीवर पडून बाकाखाली गेली. टेप पन्हळीच्या वजनानं सरसर उचकटत गेली आणि जाताना वरंब्यावरचा नखाएवढा रंगही घेऊन गेली.

बाबा तेवढ्यात पोचले होते. त्यांनी तो नखाएवढा टवका उचलून तळहातावर घेतला. "समुद्र ओलांडते म्हणत होतीस. हिला तर खोलीसुद्धा ओलांडता आली नाही."

"आता तुम्ही टोमणे मारा," आई म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता.

चार वाजता डॉक्टरबाई आल्या. टवका त्यांच्या नजरेतून सुटणार थोडाच? "पेंटरदादा, तुमचीच भिंत, म्हणून मी काही बोलत नाही. उद्या दुपारी शेवटचा प्रयत्न करा. उद्या पडलं तर भिंतीचा नाद सोडायचा."

म्हणजे उरला फक्त एक दिवस.

घरी आल्यावर टिल्लूनं पलंगावरूनच विचारलं, "झाली?"

"होतेय," भिंगरी म्हणाली. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

ती पिशवीतला, भिंतीवरून निघालेल्या खाकी टेपचा गोळा काढून बसली. फेकून द्यायलाच आणला होता तो. चाळा म्हणून तिनं एक पट्टी सोडवून सरळ केली आणि चिकट बाजू वर करून दिव्याखाली धरली. आणि मग, तुम्हाला सांगतो, भिंगरी चक्क पाच मिनिटं न हलता बसून राहिली! आई कपाळाला हात लावायला आलीच.

"आई, हे बघ. पायाचे ठसे!"

"कुणाच्या पायाचे?"

"टेपच्या!"

चिकट बाजूवर रंगाच्या धुळीच्या बारीक बारीक फिकट निळसर रेघा उमटल्या होत्या. दोरा ठेवावा तेवढ्या बारीक. आणि दोन रेघांच्या मध्ये बोटभर रुंद, स्वच्छ, चकचकीत जागा. तिथे धुळीचा कणही नाही.

"टेप जिथे भिंतीला टेकली, तिथे रेघ," भिंगरी घाईघाईनं सांगू लागली. "आणि जिथे टेकलीच नाही, तिथे कोरी. म्हणजे एवढी मोठी टेप नुसती वरंब्यांच्या टोकांवर उभी होती!"

बाबा वाकून पाहू लागले. "चवड्यांवर उभं राहून ओझं उचलल्यासारखं. पडणार नाही तर काय!"

"बाबा, फणी कुठंय?"

बाबांनी बादलीतून फणी काढून दिली. भिंगरीनं फणीचा दात टेपवरच्या कोऱ्या जागेवर ठेवला. तंतोतंत! ना कमी ना जास्त.

"ही कोरी जागा म्हणजे सरी. फणीचा दात गेला ती वाट. बाबा, सरी हाताला कशी लागते हो?"

घरात नमुन्याची फळी होती. गिऱ्हाइकांना दाखवायला बाबांनी तिच्यावर तशीच फणी ओढून ठेवली होती. त्यांनी सरीत बोट घातलं आणि डोळे मिटले. "गुळगुळीत आहे गं. दात घासत जातो ना, म्हणून. आणि वरंबा खरबरीत, भुसभुशीत. इतकी वर्षं फणी ओढतोय, सरी सरळ आली की नाही एवढंच बघत आलो. आत बोट घालून कधी पाहिलं नव्हतं."

"मग टेप सरीतच लावायची! फणीच्या दाताएवढी कापून!"

आईची कात्री तयारच होती. दाताएवढी पट्टी सरीत बसली, आणि काय बसली! नखानं निघेना. पण तिच्यावर पुठ्ठा ठेवला तर तो वरंब्यांवर अडकला. टेप खाली, पुठ्ठा वर, मध्ये पोकळी. दोघांची गाठच पडेना.

"टेपच जाड हवी," बाबा म्हणाले. "सरी भरून वर येईल एवढी जाड."

आई एकदम उठली. "स्पंजाची! अहो, आरशामागे लावतात ती, दोन्हीकडून चिकटणारी!" आणि तिनं कामाच्या पिशवीच्या तळातून अर्धवट उरलेलं एक रीळ काढलं.

एक थर लावला. वरंब्याच्या किंचित खाली राहिला. टिल्लू पलंगावरून मान लांब करून बघत होता. "अजून एक लावा ना!" तो म्हणाला, जसं काही हे त्याला कधीचंच माहीत होतं. थरावर थर लावला. आता स्पंज वरंब्याच्या वर केसभर डोकावू लागला. त्यावर पुठ्ठा दाबला आणि तासाभरानं त्याला बाबांची जाडजूड चप्पल अडकवली.

"पडली?" टिल्लूनं विचारलं.

"नाही!"

थोड्या वेळानं, "आता पडली?"

"नाही रे!"

दुसरी चप्पलही अडकवली. मग पाण्यानं भरलेली बाटली. फळी भिंतीला टेकून उभी, चपला आणि बाटली तिला लटकलेल्या, आणि चौघंही त्याकडे असं टक लावून बसलेले जणू आत्ता त्या चपला काहीतरी बोलणार आहेत.

शुक्रवारी एक वाजून एक मिनिटानं तिघं दवाखान्यात हजर. येताना आईनं गोदामातून स्पंजाच्या टेपची आणखी दोन रिळं आणली होती.

"आधी भिंत पुसायला हवी," बाबा म्हणाले. "धूळ असली की टेप धुळीला चिकटते, भिंतीला नाही."

डॉक्टरबाई निघतच होत्या. त्यांनी स्पिरिटची बाटली आणि कापूस पुढे केला. "घ्या. इंजेक्शनच्या आधी हेच लावतो आम्ही. भिंतीला दुखणार नाही अशा बेतानं द्या म्हणजे झालं."

बाबांनी आधी बाकामागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात कापूस फिरवून रंग उतरत नाही ना ते पाहिलं. नाही उतरला. मग भिंगरी सरी-सरीतून कापूस फिरवत सुटली.

आणि पाहा गंमत! आदल्या दोन दिवसांत ज्या टेपांनी दगा दिला, त्याच आज गड्यासारख्या राबल्या. पन्हळीच्या पाठीला पुठ्ठ्याची सपाट पट्टी जोडायला आईची खाकी टेप. पुठ्ठ्याला पुठ्ठा असा बसला की बास! कुठली पन्हळ किती तिरकी हवी त्या खुणा करायला बाबांची मास्किंग टेप, कारण ती नंतर डाग न ठेवता निघते. आणि भार पेलायला सरीत उतरलेला स्पंज, एकेका पट्टीमागे सहा-सहा ठिकाणी.

"अंगठ्यानं दाब आणि तीस मोज," आई सांगत होती. "घाई केलीस तर ती रुसते."

भिंगरी मोजत होती. बारा पन्हळी, सहा-सहा तुकडे, प्रत्येकी तीस! अंगठे लाल झाले. वर आणखी तासभर थांबायचं, भार द्यायचा नाही. भिंगरीला तास काढायला लावणं म्हणजे माशाला झाडावर चढायला लावणं. तिनं बाकाला बावीस फेऱ्या मारल्या.

पावणेचार वाजता गोटी सोडली. पहिली, दुसरी, तिसरी... कुणी ओरडलं नाही, ओरडायला श्वासच नव्हता. आठवी! नववी! दहावी, अकरावी, बारावी, आणि गोटी शेवटच्या टोकावरून उडून खाली पडली. टप्प. एकही पन्हळ हलली नव्हती. भिंगरीनं जी गिरकी घेतली ती थेट भिंतीपर्यंत, मग दारापर्यंत, मग आईच्या पोटावर!

पण घंटी? आतल्या दाराशी आईनं सायकलच्या घंटीची वाटी दोऱ्यानं लटकवली होती. गोटी तिच्या अलीकडेच हातभर पडत होती.

"घंटी सरकवू इकडे," बाबा म्हणाले.

"नाही, बाबा. दाराजवळ म्हणून सांगितलंय त्याला. तो लगेच म्हणेल, फसवलंस."

चार वाजले, दाराशी पेशंट आले. नळीचा एक तुकडा शिल्लक होता. डॉक्टरबाईंना विचारून तेरावी पन्हळ उद्या सकाळी लावायची ठरली.

शनिवारी बाबा आणि भिंगरी नऊलाच निघणार होते. पण टिल्लूनं सकाळीच बसल्या-बसल्या सरकत जाऊन बूट लपवले, स्वतःचे नाही, सगळ्यांचे. ते सापडेपर्यंत साडेनऊ झाले. दवाखान्यात पोचून भिंगरीनं तेरावी पन्हळ लावली तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी. अंगठ्यानं दाबून तीस मोजलं. पण तासभर आणायचा कुठून?

"कशी वाटते?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

"धरेल," भिंगरी म्हणाली. आणि अंगठा न उचलता आणखी तीस मोजायला लागली.

आई टिल्लूला कडेवर घेऊन आली. आत कुणासाठी तरी यंत्र चालू होतं, घुर्रर्र! टिल्लूनं आईच्या मानेला घट्ट मिठी मारली. आणि मग त्यानं भिंतीकडे पाहिलं.

तेरा पन्हळी! छतापासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकांवरचे पेशंटसुद्धा तिकडेच बघत बसले होते. हात गळ्यात बांधलेले एक आजोबा म्हणाले, "सोड बाळ, आम्ही कधीचे वाट बघतोय."

बाबांनी टिल्लूला खांद्यावर घेतलं. टिल्लूनं गोटी वर धरली आणि सगळ्यांना बजावलं, "हात लावायचा नाही हं कुणी!"

"नाही!" सगळी खोली म्हणाली.

गोटी सुटली. घर्रर्र, टक! दुसरी. घर्रर्र, टक! तिसरी. पाचव्या पन्हळीला टिल्लू हसायला लागला. आठवीवरून गोटी गेली तेव्हा आईनं डोळे मिटून घेतले होते. नववी, दहावी! आजोबा बाकावरून उठून उभे राहिले. अकरावी! बारावी! आणि भिंगरीनं पाहिलं, तेराव्या पट्टीचं खालचं टोक भिंतीपासून सुटत होतं. आधी केसाएवढी फट. मग बोटाएवढी.

तिचा हात आपोआप पुढे गेला. "हात नाही!" टिल्लू ओरडला. तिनं हात मागे घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हातानं घट्ट पकडून ठेवला. शप्पथ म्हणजे शप्पथ.

गोटी तेराव्या पन्हळीत आली. पट्टी आणखी झुकली, आणि झुकल्यामुळे उतार एकदम वाढला. रमतगमत आलेली गोटी पिसाळल्यासारखी सुसाट सुटली आणि...

टण्ण!

अशी वाजली की आतलं यंत्र थांबलं आणि डॉक्टरबाई दार उघडून बाहेर बघायला आल्या. पेशंट टाळ्या पिटत होते, आई हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

"पुन्हा!" टिल्लू म्हणाला.

"पुन्हा नंतर," भिंगरी म्हणाली. "टण्ण झालं की काय ठरलं होतं?"

टिल्लूचा चेहरा जरा वाकडा झाला. त्यानं दाराकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग त्यानं आईकडे हात पसरले आणि भिंगरीला म्हणाला, "मी आत असताना वाजवशील? मला ऐकू आली पाहिजे. मोठ्यानं."

"वाजवीन. एकसारखी."

"थांबायचं नाही."

"नाही थांबणार."

आतला पेशंट बाहेर आला आणि आई टिल्लूला घेऊन आत गेली. दार लागलं. क्षणभर काहीच आवाज नाही. मग सुरू झालं, घुर्रर्र!

तेरावी पन्हळ एकाच तुकड्यावर लोंबत होती, आणखी एका गोटीत ती नक्की खाली आली असती. बाबा शिडीवर चढून वरून भिंगरीकडे बघत होते, मुठीत टिल्लूच्या गोट्या घेऊन. आता हात न लावण्याची शप्पथ संपली होती. भिंगरी जमिनीवर गुडघे टेकून बसली. तिनं पन्हळ बरोबर तिच्या तिरप्या खुणेवर आणली, सुटलेले स्पंजाचे तुकडे पुन्हा त्यांच्या त्यांच्या सरीत बसवले, दोन्ही तळहात पट्टीवर घट्ट दाबले आणि मान वर करून ओरडली, "सोडा, बाबा! एकामागून एक सोडत राहा!"